कोरडं फडकं

चिंधीवर तांबडं उतरलं होतं... एवढंसंच, करंगळीच्या टोकाएवढं, पण पांढऱ्या सुती कापडावर ते इंदुबाईला लांबूनही उठून दिसलं. उबेदने चिंधी तिच्यापुढे धरली. शारजाला गाड्यांच्या पेंटिंगमध्ये अकरा वर्षं काढून त्याने पेणला हे दुकान टाकलं होतं, आणि गाडीच्या दारामागच्या कोपऱ्यात बोटभर जागा घासून पाहिल्याशिवाय तो कुणाला पॉलिशची बाटली देत नसे.

"रंगच येतोय काकी. या जुन्या आठशे गाडीला वरून काचेसारखा थर नाय. घासलं की सरळ रंगच निघतो."

हे तिला सांगायची गरज नव्हती. हमरापूरच्या कारखान्यात तीस वर्षं गणपती रंगवलेली बाई ती. रंग कुठे संपतो आणि खालचं पांढरं कुठे सुरू होतं हे तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचं. पण एकदा तोंड उघडलं की प्रविणला सुनवायचं ते सगळं या बिचाऱ्या दुकानदाराच्या पदरात पडेल, अशी तिला धास्ती होती.

प्रविण तिचा मुलगा. रोह्याला कंपनीत, तिथेच जवळ वरशाला फ्लॅट. गेल्या रविवारी हमरापूरला आला आणि चहासुद्धा न घेता गाडीच्या बॉनेटवर वाकला... उन्हात ती जाळी दिसतेच, बारीक बारीक गोल ओरखड्यांची, अख्ख्या अंगावर. "कुठं कुठं घासतेस गो आये? उद्या कुणाला ठोकशील. शनिवारी वरशाला घेऊन ये. पॉलिश करून आण, माझ्या शिफ्टमधला एक जण घेतो म्हणतोय." झालं. विचारणं नाही, काही नाही. बावन्नाव्या वर्षी क्लच म्हणजे काय ते शिकलेली, नवऱ्याला, जनूला, अर्धांगाचा झटका आल्यावर आठवड्यातून तीनदा त्याला पेणला व्यायामाला नेणारी-आणणारी, वडखळच्या ट्रकांमधून पाच वर्षं गाडी काढणारी आई त्याला एका जाळीत दिसली, आणि त्या जाळीवरून त्याने तिचा निकालही लावून टाकला. आणि मी? मी मान हलवली. मला वाटलं, असतील माझेच, कुंपणाच्या मेंदीला लागते कधीमधी... साठीला आलेल्या बाईला चूक दाखवली की ती आधी कबूल करते आणि मग शोधत बसते, हीच खोड वाईट.

उबेदने काउंटरवर तीन बाटल्या मांडल्या होत्या. "हा जाडा. अर्ध्या तासात सगळं साफ, पण रंग खातो. कडेला खालचा प्रायमर दिसेल. हा दुसरा नुसता भरतो, ओरखड्यात बसतो, दोनदा धुतलीत की पुन्हा हायेच. गाडी विकायची असेल तर लोक हाच नेतात." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आणि हा बारीक. हाताने करायला दिवस जातो. नख अडकेल तो ओरखडा याने जाणार नाय, पण तुमचे सगळे वरवरचे हायेत."

दुसऱ्या बाटलीवर तिची नजर क्षणभर थांबली. भरायचं, विकायचं, मोकळं व्हायचं. मूर्तीचा उडालेला टवका रंगाने बुजवून गिऱ्हाइकाच्या हातात देणारे कारखाने तिने पाहिले होते आणि त्यांच्या नावाने बोटंही मोडली होती. तिने ती बाटली मागे सरकवली.

"तिसरी दे," ती म्हणाली. "आन मला सांग, झाडाझुडपाला घासून असे पडतात?"

उबेद हसला. तिला घेऊन तो बाहेर आला, बॉनेटवर मोबाइलचा उजेड तिरपा धरला. "झाडाचा ओरखडा लांब सरळ जातो काकी. हे गोल हायेत. कुणीतरी रोज पुसतंय, कोरड्या फडक्याने. फडक्यात बारीक कचकच हाय. आता टपावर बघा. टपावर एकही नाय." तो दुसऱ्या बाजूला गेला. "आन या डावीकडच्या दारांवरही नाय. पुसणाऱ्याचा हात तिकडं पोचत नाय, दुसरं काय."

डावी बाजू रोज भिंतीला लागून असते. तिथे खुर्ची शिरत नाही.

तिला उभ्या जागी कळलं. सकाळचे सात, अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची, आणि जनू — उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, डाव्या हातात कारखान्यातल्या खुंटीवरचं फडकं — बॉनेट झालं की खुर्ची हातभर सरकवायची, मग पुढचं दार, मग मागचं. गोल गोल, सावकाश, जसा जन्मभर मूर्तीवरून हात फिरवला तसा. रंग द्यायच्या आधी मूर्ती कोरड्या फडक्यानेच पुसायची. पाणी लागलं की प्लॅस्टर पितं आणि वर रंगाला डाग धरतो. हे त्यानेच तिला शिकवलं, लग्न होऊन आली त्या वर्षी. एकदा तिने त्याच्याजवळ पाण्याची बादली नेऊन ठेवली तर त्याने ती पायाने लोटली होती... "पानी नको," तेवढंच, वाकड्या तोंडातून, पण असे काही डोळे वटारून की ती बादली उचलून आत गेली. आणि त्या फडक्यात काय, तर कारखान्याची पांढरी भुकटी. तीस वर्षं नाकातोंडात गेलेली ती भुकटी तो रोज प्रेमाने गाडीवर घासत होता.

आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. वाटलंच, खोटं कशाला बोला. माझे नाहीत. पाच वर्षांत एक ओरखडा माझा नाही. आत्ता फोन लावावा आणि प्रविणला ऐकवावं... हात पिशवीत गेलाही.

मग तिने तो काढून घेतला. प्रविण काय करेल हे तिला पाठ होतं. ओरडणार नाही तो, ओरडला असता तर परवडलं असतं. तो समजुतीने बोलेल. दोन वर्षांपूर्वी असाच समजुतीने बोलला होता. झटक्यानंतर जनू डाव्या हाताने डोळ्यांची आखणी शिकत होता, दोन मूर्तींचे डोळे बिघडले, आणि प्रविणने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला, हळूच, खांद्यावर हात ठेवून, "आता बस झालं बाबा, आराम करा" म्हणत. जनू महिनाभर भिंतीकडे तोंड करून निजला होता. त्या आरामातून त्याला एका फडक्याने उठवलं होतं. कुणी दिलंही नव्हतं. आपला आपण खुंटीपर्यंत गेला होता. ते फडकंही काढून घ्यायचं? आणि गाडीच विकली तर पुसणार काय, माझं कपाळ?

बाटली तिने मांडीवरच ठेवली आणि गाडी काढली. गडबपर्यंत ती स्वतःशी भांडत राहिली. खरं सांगितलं तर मी सुटते आणि तो अडकतो. खोटं सांगितलं तर गाडी जाते, दोघंही अडकतात. नागोठण्याला वळताना मागच्या डंपरने उगाच हॉर्न मारला आणि तिच्या डोक्यात एकदम तिडीक गेली. दोनच वाटा आहेत हे ठरवलं कुणी? प्रविणने? गाडी घेतली जनूने, शिकले मी, आणि किल्ली मागतो हा. ओरखडे माझे म्हणून गाडी सोडायची, हा हिशेब तरी कुठला? तिने डंपरला वाट दिली नाही.

वरशाला पोचली तेव्हा दोन वाजले होते. पहिली शिफ्ट तीनला सुटते. बिल्डिंगखालच्या सावलीत तिने गाडी लावली, पत्रा निवेपर्यंत थांबली, मग पदर खोचून ड्रायव्हरच्या बाजूचं दार घेतलं. चण्याएवढं पॉलिश, धुतलेली चिंधी, बोटांचा दाब अगदी बेताचा... दर फेरीला थोडं तांबडं चिंधीवर येत होतं आणि ते तिला बघवत नव्हतं. रंग काय पुन्हा उगवत नाही. हे एकदाच करता येईल, फार तर दोनदा. उद्यापासून खुंटीवर दुसरं फडकं टांगायचं, धुतलेलं, मऊ, कारखान्यापासून लांब, आणि जनूला कळूही द्यायचं नाही. जाळी विरत गेली. दारात तिचा चेहरा दिसायला लागला, घामेजलेला, रागावलेला.

"अरे वा," प्रविण पाठीमागे उभा होता, डबा हातात. "निघाले की. संध्याकाळी येतोय तो बघायला." तो दारावरून हात फिरवत मागच्या, अजून न घासलेल्या दारावर वाकला. "पण आये, मी बघतोय, हे गोल गोल हायेत. असे पडले कसे? कोण पुसतं गाडी? बाबा?"

तो मूर्ख नव्हता, तिचाच मुलगा होता.

"मी पुसते," इंदुबाई म्हणाली. "मीच पाडले."

"कोरड्या फडक्याने?"

"व्हय. कोरड्या फडक्याने. माझी चूक हाय."

खोटं इतकं सहज निघालं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. प्रविणने सुस्कारा सोडला, तो समजुतीचा, खांद्यावर हात ठेवायच्या आधीचा. हात पुढे आलासुद्धा. किल्लीसाठी.

"चूक माझी, गाडी पन माझीच," ती म्हणाली. "त्याला सांग येऊ नको."

"आये, ऐक जरा..."

तो बोलत राहिला. डोळ्यांचं, वयाचं, हायवेचं. त्यातलं बरंचसं खरंही असेल, आणि त्याने आज ऐकलं तरी पुढच्या रविवारी पुन्हा येईलच. ती मागच्या दाराकडे वळली. पत्र्यावर नवऱ्याच्या हाताच्या फेऱ्या दिसत होत्या, एकात एक, शेकडो सकाळींच्या. आता त्या तिच्या नावावर होत्या. तिला वाटलं होतं हे ओझं होईल, पण अंगात एक विलक्षण माज चढत होता, तरण्या वयातही कधी न चढलेला. ती चिंधीची घडी उलटून, मुलाचं बोलणं संपायची वाट न बघता, घासायला लागली.