जावयाच्या हॉटेलातली पाणीपुरी

आमच्या जावईबापूंनी चांगली नोकरी सोडून चाट-पाणीपुरीचं हॉटेल काढलं. उद्या उद्घाटन, म्हणून आज घरच्यांना खायला बोलावलं. मऊ खुर्च्या, पिवळे दिवे, मांडीवर कापडी रुमाल. खाणं रस्त्यावरचं, पण रस्त्याचा मागमूस नाही.

पाणीपुरी आतूनच भरून, सजवून, लाकडी पाटावर मिरवत आली. टेबलापर्यंत येता येता पुऱ्यांनी धीर सोडला होता. पहिली उचलली तर पाणी माझ्या बाहीत आणि बटाटा रुमालावर. व्याही ‘वा, वा’ म्हणाले. त्यांच्या पुरीचाही निकाल लागला होता, पण हॉटेल मुलाचं. मी नुसती मान डोलावली. तोंडात घास असण्याचा तेवढा फायदा.

लेकीने हळूच आईचा हात दाबला. दोघांनी होतं नव्हतं ते या हॉटेलात घातलं होतं, आणि उद्या हिरमुसून गेलेलं गिऱ्हाईक काही परत फिरकणार नव्हतं. पण जावयाला नावं कोण ठेवणार? आमच्या हिने तर त्यांच्या हातचा बिनसाखरेचा चहासुद्धा गोड म्हणून प्यायलाय.

ही उठली. बसून बसून गुडघे आखडले म्हणाली आणि जिथे पुऱ्या भरत होते तिथे थेट आत जाऊन उभी राहिली. जावईबापू पाठोपाठ धावले. हिने हात पुढे केला.

“एकच द्या. ती संपली की दुसरी.”

त्यांनी पुरी फोडली, भरली, पाण्यात बुडवून हातावर ठेवली. कुर्रकन आवाज झाला तो बाहेर आम्हाला ऐकू आला. हिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि पुन्हा हात पुढे केला.

व्याही उठले. मीही उठलो. आत जाताना त्यांनी मला कोपराने मागे सारलं. म्हणाले, मानपान लग्नात झाला, आता नंबराने या.

बाह्या सरसावून वाढता वाढता जावईबापू थबकले. आमच्या खांद्यांवरून त्यांनी बाहेरच्या टेबलावर लोळत पडलेल्या पुऱ्या पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

“आई, उद्या तुम्ही इथे उभ्या राहाल?”

“मी कशाला? गिऱ्हाईक उभं करा की.”

एवढंच बोलली. दोष दाखवायची ही रीत मला जन्मात जमली नाही.

जावईबापू हसले. मग त्यांनी आणि लेकीने चार खुर्च्या मागे ढकलल्या आणि पुऱ्या भरायचं टेबल उचलून दारापाशी आणलं. व्याही आणि मी सूचना देत होतो.