शेवटच्या गाण्यातले ड्रम्स

जळक्या मोटरमधली तांब्याची तार चिमट्यानं उपसता उपसता मिस्त्रीनं पुन्हा एकदा फोनकडे मान वळवली. त्याच्या कॉमेंटखाली आणखी अंगठे आले होते. कुणी हसून लोळणारे चेहरे टाकले होते, कुणी लिहिलं होतं, ‘काका पेटले!’ काका कशावरून, हे काही त्याला कळेना. खात्यावर तर मांजराचा फोटो होता. दुरुस्तीचे व्हिडिओ बघता यावेत म्हणून मुलीनं कधीतरी उघडून दिलेलं खातं. त्यावर नाव नाही, गाव नाही.

‘शेवटच्या गाण्यातले ड्रम्स म्हणजे जिन्यावरून पत्र्याचा डबा गडगडत चाललाय,’ असं त्यानं लिहिलं होतं.

बँड त्याचाच, म्हणजे एकेकाळचा. चौघांनी मिळून एका गॅरेजात उभा केलेला, इतका कर्कश आणि इतका वेगवान की शेजारचे आधी भांडायला आले आणि मग घर बदलून गेले. ड्रम्सवर हा. पुढे लग्न झालं, सासऱ्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान अंगावर आलं, आणि एका तालमीनंतर “पोरखेळ पुरे झाला आता,” असं म्हणून तो काठ्या तिथेच ठेवून निघून आला. कुणी अडवलं नाही. अडवतील असं त्याला वाटलं होतं.

बाकीचे वाजवत राहिले. आता केस पिकल्यावर, मधे बरीच वर्षं गप्प राहून, त्यांनी नवा अल्बम काढला होता आणि त्याखाली ऐकणाऱ्यांची जुंपली होती. एक म्हणे, म्हातारे झाले, धार गेली. दुसरा म्हणे, धार गेली नाही, खोली आली, तुम्हालाच कान नाहीत. कुणाला पहिल्या अल्बमपुढे सगळंच पाणचट वाटत होतं. आणि मधूनच एखादा लिही, ‘जुना ड्रमर हवा होता!’ हे वाक्य दिसलं की मिस्त्रीचा घास तोंडाशी थांबायचा. बायको म्हणायची, “फोन खाली ठेव, भाजी गार होतेय.”

अल्बम मात्र त्यानं ऐकला नव्हता. मशीन घरघरत असताना फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर शेवटच्या गाण्याचा एक तुकडा, बस्स. तेवढ्यावर डबा सुचला होता.

“आहेस का रे, ठोक्या?”

या नावानं हाक मारणारा आता एकच उरला होता. दारात गुरगुऱ्या उभा होता, काखेत मिक्सर. स्टेजवर ज्याच्या गळ्यातून जमीन खरवडल्यासारखा आवाज निघायचा, तो हा माणूस दिवसा शाळेत लहान मुलांना गणित शिकवायचा, आणि इतक्या हळू बोलायचा की मागच्या बाकावरच्यांना पुढे यावं लागायचं.

“फिरत नाहीये,” मिक्सर ठेवत तो म्हणाला.

मिस्त्रीनं तो उलटा केला. बुडाचं लाल बटण वर आलं होतं, इतकंच. ते दाबलं की काम संपलं. हे मास्तरला कळत नसेल, असं नव्हतं. तरी मिस्त्रीनं चार स्क्रू सोडवले, आत फुंकर मारली, पुन्हा लावले.

“ऐकलंस का?” गुरगुऱ्यानं विचारलं.

“ऐकलं की.”

“सगळं?”

“म्हणजे काय! सगळं.”

गुरगुऱ्या स्टुलावर बसला. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसू लागला. “आणि शेवटचं?”

मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, परत उचलला. “शेवटचं जरा सैल पडलंय. ड्रम्स पकडच घेत नाहीत.”

“हं.”

“खरं सांगायचं ना?”

“खरंच सांग. म्हणून तर आलो.” काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या, तो पुसतच राहिला. “लोकही तेच म्हणतायत. कुणीतरी लिहिलंय, जिन्यावरून पत्र्याचा डबा गडगडतोय. हसू आलं मला. बायकोला वाचून दाखवलं.”

“काय लोक असतात,” मिस्त्री म्हणाला. त्याचे कान तापले. “नवा पोरगा कच्चा आहे का जरा?”

“नाही नाही. पोरगा फार चांगला वाजवतो. बाकीच्या गाण्यांत ऐकलंस ना तू.” चष्मा डोळ्यांवर चढवून तो उठला. मिक्सर काखेत मारला. दाराशी पोचल्यावर काही बोलणार असं वाटलं. पण त्यानं फक्त चौकटीवर दोन बोटं वाजवली आणि तो गेला.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मिस्त्रीनं मशीन बंद केलं, मुलीचे विसरलेले हेडफोन खणातून काढले आणि अल्बम पहिल्यापासून लावला. वाकडं तोंड करूनच ऐकायला बसला होता. पण दुसऱ्या गाण्याशी त्याचा पाय आपसूक हलायला लागला. वेग कमी झाला होता, हे खरं. गुरगुऱ्याचा आवाज खाली गेला होता, आणि दोन ओळींच्या मधे तो दम घेताना ऐकू येत होतं. तो दम त्यांनी झाकला नव्हता. नवा पोरगा घड्याळासारखा वाजवत होता. मिस्त्रीला इतकं नेटकं कधीच जमलं नसतं.

मग शेवटचं गाणं आलं.

सुरुवातीला खरखर होती, जुन्या कॅसेटची. मग एका तरुण, सर्दी झालेल्या आवाजानं एक-दोन-तीन-चार मोजलं, आणि मिस्त्रीचा हात हेडफोनवर गेला. तो आवाज त्याचाच होता. मागोमाग ड्रम्स सुरू झाले. पेडलवरचा डावा पाय वळणावर केसभर मागे पडत होता. त्याच्यावरून किती बोलणी खाल्ली होती तेव्हा. ती शेवटची तालीम होती. नव्या गिटारी त्या जुन्या ठोक्यांभोवती सांभाळून चालत होत्या, आजारी माणसाबरोबर चालावं तशा. मधेच काठी निसटल्याचा खट्ट आवाज आला, आणि लगेच कुणीतरी मोठ्यानं हसलं.

तो चौघांतला बेसवाला. गेल्या हिवाळ्यात तो वारला. मिस्त्री अंत्ययात्रेला गेला होता. मागे उभा राहून, उरलेल्या दोघांपैकी कुणाशीही न बोलता परत आला होता.

गाणं संपल्यावरही तो हेडफोन लावूनच बसून राहिला. मग त्यानं फोन उचलला आणि आपली कॉमेंट काढून टाकली. काढायला एक क्षणही लागला नाही. पण खाली डबा शिल्लकच होता. कुणी ‘डब्यावाल्याशी सहमत’ म्हणत होता, कुणी जिन्याचं चित्र काढून टाकलं होतं, आणि अल्बम न ऐकताच कुणी कुणाला विचारत होता, तो डबा कितव्या मिनिटाला येतो?

त्यानं गुरगुऱ्याला फोन लावला. शाळा सुटली असावी. मागे पोरांचा कालवा होता.

“ऐकलं,” मिस्त्री म्हणाला. “आत्ता.”

पलीकडे कालवा लांब गेला. दार लोटल्याचा आवाज झाला.

“तो हसतोय त्यात.”

“हो,” गुरगुऱ्या म्हणाला. “ती कॅसेट त्याच्याच कपाटात सापडली. साफ करून देतो म्हणाला होता रेकॉर्डिंगवाला. पण साफ केलं असतं तर तो पण गेला असता.”

“सकाळी सांगायचंस ना मला.”

“सांगणार होतो. तू म्हणालास, सगळं ऐकलं.”

मिस्त्रीनं टेबलावरचं तारेचं भेंडोळं सरळ केलं. ते सरळच होतं.

“ती डब्याची कॉमेंट काढली वाटतं कुणीतरी,” गुरगुऱ्या त्याच हळू आवाजात म्हणाला. “मघाशी बघत होतो. एकदम दिसेनाशी झाली.”

मिस्त्रीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ठेवायची होती. वाक्य चांगलं होतं.”

बाहेर एक टेम्पो गेला.

“रविवारी तालमी असतात का अजून?” मिस्त्रीनं विचारलं.

“असतात. तेच गॅरेज.” गुरगुऱ्या जरा घुटमळला. “पोरगं येतं वाजवायला. तू पण ये ना. ऐकायला.”

“ऐकायला,” मिस्त्री म्हणाला. “हो. येतो.”