सातवा दिवस क्वालालंपुरात

आई गेल्याचं कळलं तेव्हा मी क्वालालंपूरच्या हॉटेलात खिडकीच्या गजांवर मोजे वाळत घालत होतो. आमच्या फुटबॉल संघाचे व्यवस्थापक ऊ ह्लाइंग दारात येऊन उभे राहिले. वकिलातीतून निरोप आला होता. आदल्या दिवशी सकाळी रंगूनला, नाक्यावर ती माशाच्या रश्श्यातल्या शेवया विकायची त्या मोहिंग्याच्या पातेल्यापाशी आई खाली बसली ती उठलीच नाही. मी "बरं" म्हणालो आणि उरलेला मोजा गजावर टाकला. त्याला पीळ नीट बसला नव्हता, म्हणून काढून पुन्हा पिळला. ऊ ह्लाइंगना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी सगळं परत एकदा सांगितलं.

ऐकू आलं होतं. पण आत काही हललं नाही. मुरगळलेल्या पायावर बधिर करायचं औषध फवारून डॉक्टर खेळायला पाठवतात, तेव्हा पाय आपलाच असतो आणि नसतोही. तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. मी एकच विचारलं, सातव्या दिवसापर्यंत मला घरी पोचता येईल का.

आमच्याकडे माणूस गेला तरी सातव्या दिवसापर्यंत घरातच असतो. मातीचं काम आधी उरकतात, त्यासाठी परदेशातल्या मुलाची वाट कुणी बघत नाही, आणि माझी त्याला हरकतही नव्हती. पण स्मशानातून येताना घरचे एक हिरवी फांदी आणतात, ती त्याच्या अंथरुणावर ठेवतात आणि दार रात्रंदिवस उघडं ठेवतात. सातव्या सकाळी भिक्षू येतात, जेवतात, सूत्रं म्हणतात. मग घरातल्या कुणीतरी त्याला मोठ्यानं सांगायचं, की तू मोकळा झालास, आता जा. सांगितलं नाही तर तो माणूस घरातच घुटमळत राहतो.

आमच्या घरात सांगायला दोघंच होतो. थोरली बहीण मा न्वे आणि मी. वडील मी पाळण्यात असतानाच गेलेले. आणि हे काम आईनं फार आधी माझ्याकडे देऊन ठेवलं होतं, तेही केमेंडाइनच्या नाक्यावर गिऱ्हाइकांना वाडगे भरून देता देता. "तुझी बहीण मला जा म्हणायची नाही," ती म्हणायची. "रडत बसेल आणि मला अडकवून ठेवील. तू सांग. तुझं काळीज दगडाचं आहे." गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचो.

ऊ ह्लाइंग वाईट माणूस नव्हते. खाली जाऊन त्यांनी दोन तास फोन केले. पण अख्ख्या संघाचा मिळून प्रवासाचा एकच परवाना होता, आणि त्यातून एक नाव सुटं काढायचं तर रंगूनच्या कचेरीची परवानगी लागायची. रंगूनच्या कचेरीत कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला एक पावसाळा खर्ची पडायचा. तेव्हा सगळ्या आशियात आमच्या संघाचा दरारा होता. लोक आम्हाला विमानतळावर खांद्यावर घ्यायचे. एका खेळाडूला एकट्यानं घरी पाठवणं मात्र कुणाला जमायचं नाही.

अंतिम सामना आईच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी होता आणि विमान सहाव्या दिवशी सकाळी. म्हणजे मी वेळेत पोचत होतो. अट एकच, सामन्याचा निकाल लागायला हवा. त्या स्पर्धेत पेनल्टीची भानगड नव्हती. जादा वेळेतही बरोबरी राहिली तर एक दिवस सोडून सामना पुन्हा खेळवायचे. तो पुन्हाचा सामना सातव्या दिवशी पडत होता.

"निकाल लागला की झालं," ऊ ह्लाइंग म्हणाले. "आणि जिंकणार आपणच."

हरलो तरी चालेल हे त्यांनी म्हटलं नाही. कुठला व्यवस्थापक म्हणेल? पण निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा दोघांनाही ते कळलं होतं.

पोरं माझ्याशी बिचकून वागायला लागली. कुणी माझ्यापुढे हसेना. नायलॉनचे शर्ट आणि घड्याळं आणायला बाजारात जायची तीही चोरपावलांनी. मी जेवत होतो, सराव करत होतो, घोरत होतो असंही सांगतात. खोलीत माझ्याबरोबर गोलकीपर चिट स्वे होता. तो फुटबॉलमध्ये येण्याआधी तीन वर्षं भिक्षू होता आणि चीवर उतरवल्यापासून त्या तीन वर्षांच्या न दिलेल्या शिव्या व्याजासकट वसूल करत होता. त्यानं एकट्यानं माझ्याशी नेहमीसारखं बोलणं चालू ठेवलं.

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तो खाटेवर बसून कलिंगडाच्या बिया सोलत होता.

"को थिन," तो म्हणाला, "तू नुसती मान हलव. शेवटाला बरोबरी असली तर एक आत जाऊ देतो."

मी म्हणालो, गप बस.

"लोक म्हणतील चिट स्वेच्या हाताला भोकं पडली. म्हणू देत. माझी आई आहे जिवंत. ती चार दिवस शिव्या देईल आणि विसरून जाईल."

मी मान हलवली नाही. पण नाहीही म्हणालो नाही. तो बिया सोलत राहिला आणि निम्म्या माझ्या उशाशी ठेवल्या.

समोर कोरियाचा संघ होता. त्या सामन्याबद्दल लोक मला अजून विचारतात आणि मी त्यांना हवं ते सांगतो, कारण मला त्यातलं फारसं आठवत नाही. मी सेंटर हाफ होतो. येणारं परतवायचं, एवढंच माझं काम. मी परतवत होतो. मध्यंतरात लिंबाच्या फोडी आल्या, त्या आंबट लागल्या नाहीत. नव्वद मिनिटं संपली, शून्य-शून्य. जादा वेळही संपत आला. पंचांचं दोनदा घड्याळाकडे बघून झालं होतं. तेवढ्यात कोरियाला कॉर्नर मिळाला.

चेंडू आत आला, कुणाच्या तरी डोक्याला लागून खाली पडला आणि त्यांच्या पुढच्या गड्यानं तो जमिनीलगत मारला. फार जोरात नाही. चिट स्वे त्याहून अवघड चेंडू सुपारी कातरता कातरता अडवायचा. तो हलला नाही. त्याच्या गुडघ्याजवळून चेंडू पुढे आलेला मी पाहिला, त्याचं तोंडही पाहिलं. तो चेंडूकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

मी गोलरेषेवर होतो. नुसतं उभं राहायचं होतं. उभा राहिलो असतो तर उद्या दुपारी घरी होतो.

पाय गेला. मी पाठवला नाही, तोच गेला. चेंडू थेट प्रेक्षकांत जाऊन पडला आणि पंचांनी शेवटची शिट्टी दिली. लोक म्हणतात देशासाठी काय धावलास. त्या वेळी माझ्या डोक्यात देश नव्हता, आईही नव्हती. डोक्यात काहीच नव्हतं. लहानपणापासून त्या पायाला एकच गोष्ट शिकवली होती आणि त्यानं ती केली.

पोरं येऊन अंगावर पडली. चिट स्वे शेवटी आला. त्यानं माझी मान धरून माझं डोकं आपल्या छातीवर दाबलं.

"तुझ्यासाठी सोडला होता, गाढवा," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माहीत आहे," मी म्हणालो. माझे डोळे कोरडे होते आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

सातव्या दिवशी सकाळी चिट स्वेनं मला उठवून नवी लोंजी नेसवली. गावात सिंहली भिक्षूंचा एक विहार होता, तो त्यानं शोधून ठेवला होता. ऊ ह्लाइंग बरोबर आले. आम्ही भात आणि मासे नेले होते. म्हातारे भिक्षू जेवले आणि मग त्यांनी सूत्रं म्हटली. सूर वेगळा होता, पण शब्द आमच्याकडचेच. आता चंबूतलं पाणी थेंब थेंब जमिनीवर ओतायचं आणि पुण्य वाटून द्यायचं. मी चंबू हातात घेऊन थांबलो.

"आई रंगूनला आहे," मी म्हणालो. "इथून तिला कसं कळणार?"

"पाणी जमिनीवर ओतायचं ते जमीन साक्षी असते म्हणून," चिट स्वे म्हणाला. "तिकडे काय दुसरी जमीन आहे? सांग तू. ती वाट बघत असेल."

तो अशा वेळी शिवी देत नसे, म्हणून मी ऐकलं. पाणी ओतलं आणि मोठ्यानं सांगितलं. आई, मी आलो नाही. येता आलं नाही. मा न्वेची काळजी करू नकोस, माझीही नको. तू मोकळी झालीस. आता जा.

सगळे तीनदा 'साधू' म्हणाले, म्हणजे चांगलं झालं. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. पण तिनं दिलेलं काम झालं होतं. संध्याकाळी आम्ही सामना जिंकलो. गोल कुणी मारला ते मला विमानात समजलं.

दुसऱ्या दिवशी रंगूनच्या विमानतळावर बँड होता. उघड्या ट्रकवरून आम्हाला शहरातून फिरवलं. लोकांनी अंगावर फुलं टाकली, कपाला हात लावायला लहान मुलं ट्रकमागे पळाली. मी हात हलवत होतो. केमेंडाइनच्या नाक्यावर मला उतरवलं तेव्हा मात्र गल्लीला कळेना, माझं अभिनंदन करावं की सांत्वन. काहींनी दोन्ही केलं.

शेजारच्या दॉ प्वा यांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. आईच्या वयाच्या, आईशी रोज भांडणाऱ्या. त्या चिडलेल्या होत्या आणि घाबरलेल्याही.

"बहिणीला समजाव तुझ्या," त्या म्हणाल्या. "काल भिक्षू आले, जेवले, सूत्रं झाली. निरोपाची वेळ आली तर ही फांदीपाशी जाऊन बसली आणि म्हणते कशी, आई, जाऊ नकोस, थांब, तो उद्या येतोय. भिक्षूंच्या देखत. दार अजून सताड उघडं आहे. आमची पोरं काल रात्री लघवीलासुद्धा बाहेर पडली नाहीत."

मी घरात गेलो. मा न्वे आईच्या चटईशेजारी बसली होती. चटईवर फांदी होती, पानं वळून तपकिरी झालेली. तिचा आवाज पार बसला होता. रडून नाही, बोलून बसला होता. रात्रभर ती आईशी बोलत होती. रेडिओवर सामना कसा ऐकला, माझ्या पायानं चेंडू बाहेर काढला तेव्हा सगळी गल्ली कशी ओरडली आणि ती एकटी कशी गप्प बसली, मातीला कोण कोण आलं, माशांचा भाव. मग तिच्या लग्नाचं. आईनं मोडलेल्या त्या लग्नाबद्दल मा न्वे इतक्या वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. काल रात्री तिनं सगळं बोलून टाकलं. राग होता तो सांगितला आणि मग राग गेला हेही सांगितलं.

"तिनं सगळं ऐकून घेतलं, माँग थिन," ती म्हणाली. तिचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. "मध्ये एकदाही तोडलं नाही. आता तू सांग तिला. तुझ्यासाठीच थांबवलीय."

तिनं सरकून मला जागा करून दिली. मी चटईपाशी बसलो. दारात दॉ प्वा आणि आणखी चारपाच जण हात जोडून उभे होते. तिथेही दोन शब्द बोललो असतो तर काम भागलं असतं. दुसऱ्या कुणालाही ते जमलं असतं. पण जो माणूस आतून बधिर झालेला असतो त्याच्याकडून खोटं बोलण्याएवढे कष्टही घेतले जात नाहीत.

"मी सांगितलं तिला," मी म्हणालो.

"कधी?"

"काल सकाळी. तिकडच्या विहारात. पाणी ओतून, जा म्हणून सांगितलं."

मा न्वे माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं चटईकडे बघितलं. हात पुढे करून फांदीचं एक पान चाचपलं, ते तिच्या बोटांत चुरलं. मला तिचा हात धरावासा वाटला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं होतं, पण माझा हात जागचा हलला नाही.

"मग काल रात्री," ती बसलेल्या आवाजात म्हणाली, "मी कुणाशी बोलत होते?"