पेवात सोडायचा दिवा

ऋतिकाचं जावळ काढलं ते साल दोन हजार एकोणीस. त्याच साली तिच्या बापानं, म्हणजे माझ्या थोरल्या वैजीनाथनं, वालूरच्या शिवारातल्या आमच्या मुरमाड माळावर काळ्या द्राक्षांचे वेल लावले. त्याला लाल वाइन करायची होती. विकतचं खत नाही, औषधाचा फवारा नाही. मेलेल्या गाईच्या शिंगात दुभत्या गाईचं शेण भरून दसऱ्यानंतर तो शिंगं पुरायचा. थंडी सरली की उकरायचा, त्यातलं थोडं पाण्यात ढवळायचा आणि चंद्र बघून वेलांवर शिंपडायचा.

"करणी करायलाय का रं कुणावर?" शेजारचा किशनराव बांधावरून विचारायचा.

"तुमच्यावरच, काका. जपून ऱ्हावा."

पहिल्या पिकाची वाइन पत्र्याच्या खोलीत ठेवली. आमच्याकडच्या उन्हानं तिचा आंबून सिरका झाला. सगळी ओढ्यात ओतली. पुढच्या साली वैजीनाथ मला म्हणाला, "अण्णा, औंदा न्हाई जमलं तर वेल उपटून टाकतो."

थंड जागा घरात एकच होती. अंगणातलं पेव. जुन्या लोकांनी ज्वारी साठवायला जमिनीखाली खोदलेलं, वरून अरुंद, आत पोटासारखं मोठं. वैजीनाथनं ते साफ केलं, शिडी लावली आणि तळाशी टाकीत द्राक्षं चुरून भरली. रस फसफसू लागला की द्राक्षांच्या साली वर येऊन थर धरतात. तो थर रोज खाली दाबावा लागतो, नाहीतर वाइन आंबते. रात्री कुत्रं पडू नये म्हणून पेवाच्या तोंडावर फळ्या टाकायचा.

पेवात उतरायच्या आधी दोरीला बांधून दिवा सोडायचा, ही आमची जुनी रीत. दिवा जळत राहिला तरच माणूस उतरतो. आमच्या घरी तो दिवा देवघरातला असायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाई घेऊन माळावर होतो. पुढचं बोलणं सुनेनं, मनीषानं, सांगितलं.

"माय, दिवा दे."

"दारूवर माझ्या देवाचा दिवा? न्हाई मिळायचा," दैवशाला, माझी बायको, म्हणाली.

"बरं, ऱ्हाऊ दे तुझ्या देवापाशी. बॅटरी हाय माझ्याकडं."

तो हसत उतरला. मनीषा चहाला बोलवायला गेली तर खाली बॅटरीचा उजेड होता, आवाज नव्हता.

तिची ओरड ऐकून मी पळत आलो. शिडीवर पाय ठेवला तेवढ्यात किशनरावानं कमरेला मिठी मारली. "दिनकरराव, आधी दिवा!" दैवशाला देवघरातला दिवा स्वतः घेऊन आली. दोरीनं सोडला. अर्ध्या शिडीपाशी विझला. तिनं तो पुन्हा लावून सोडला. तिथंच विझला. खाली बॅटरी लखलखीत जळत होती.

विहिरीतली बादली काढायच्या गळानं आम्ही त्याला वर ओढलं. हात कोपरापर्यंत लाल होते. सेलूचे डॉक्टर म्हणाले, फसफसणाऱ्या रसातली हवा जड असते, तळाशी साचते.

साली कुणी दाबल्या नाहीत. रस आंबला. देवघरात आता मनीषा दिवा लावते, दैवशाला तिकडं जात नाही.

माझा थोरला मुलगा वैजीनाथ मंगळवारी, चौदा मार्च दोन हजार तेवीसला, सकाळी पेवात वारला.