न आलेली रिंग

ॲप बनवायच्या त्या मोठ्या ऑनलाइन स्पर्धेत, हॅकेथॉनमध्ये, देशभरातून हजारो टीम होत्या. त्यात शेलूबाजारच्या मोबाइल दुकानात बसलेले आम्ही दोघं, मी निता आणि माझा चुलतभाऊ किशन. दुकान त्याचंच. आम्हाला मेंटॉर मिळाला तोही नेमका आमच्याच जिल्ह्याचा, इंझोरीचा प्रसेनजित दादा. पुण्यात मोठ्या कंपनीत होता आणि सुटीच्या दिवशी पोरांना फुकट शिकवायची त्याला हौस. "आता आपलं काम झालं," किशन म्हणाला. मला उलट धास्तीच वाटली. कान पिळायचा हक्क आपल्याच माणसांना जास्त असतो.

आमची कल्पना साधी होती. माझी आई गोमतीबाई दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, परतली की ती मला एक रिंग देते आणि कापते. रिंग आली म्हणजे आई बरी आहे. उचलायची नाही. यात पैशाचा प्रश्न नाही, दिवसभर ऊस तोडलेल्या बाईला बोलायचा जीव उरत नाही, एवढंच. आमच्या तांड्यात घरोघरी हीच रीत. ठरल्या वेळी रिंग आली नाही, तर घरच्यांचा फोन बोंबलला पाहिजे, असं ॲप आम्ही करत होतो.

शनिवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दादानं ते ऐकलं आणि हसला. कुत्सित नव्हे, पण हसला.

"माझी आईही देते अशी रिंग, रोज सातच्या सुमारास. मी मीटिंगमध्ये असेन म्हणून बोलत नाही. पण निता, न घडलेल्या गोष्टीवर गजर कसा लावणार? माणूस विसरतो, फोन चार्ज नसतो. रोज उगाच घाबरगुंडी. त्यापेक्षा संकटाचं बटण द्या. दाबलं की मदत."

"पडलेला मानूस बटन कसं दाबीन, दादा?"

"परीक्षकांना बटण कळतं," तो म्हणाला आणि समजावत बसला. तळमळीनं सांगत होता, हे मान्य करते. बोलता बोलता सात वाजून गेले. आईची रिंग आली, मी पाहिली आणि पुन्हा वाद घालू लागले. शेवटी किशननं मला कोपर मारलं. "मेंटॉरचं आयकाव लागते, बाप्पा."

मी बटण केलं. पण मीही गोमतीबाईची पोरगी. रिंगचं पान खोडलं नाही, गुपचूप कोपऱ्यात ठेवलं.

रविवारी सकाळी दादा आमचं काम शेवटचं तपासत होता. दुपारी ते पाठवायचं होतं. बटण त्याला आवडलं. मग त्यानं कोपऱ्यातलं पान उघडलं. त्यावर मी नमुन्यासाठी लिहिलेली लाल ओळ होती, 'आईची रिंग काल आली नाही.'

"हे अजून काढलं नाहीस?" म्हणता म्हणता तो थांबला. त्यानं आपला फोन उचलला, कालच्या कॉलची यादी बोटानं वरखाली केली, मग फोन कानाला लावला. पुन्हा लावला. पलीकडे नुसती वाजत असलेली घंटी आम्हाला दुकानात ऐकू येत होती. तोवर पुण्यासारखं बोलणारा तो माणूस एकदम आमच्यासारखा बोलला.

"निता, तुमी शेलूबाजारलेच हा ना? इंझोरीले जाता येईन काय? माय फोन उचलून नाही राह्यली. शेजारचे लग्नाले गेले."

किशननं काही न विचारता शटर ओढलं. हॅकेथॉनचं नाव वाटेत कुणीच काढलं नाही.

दादाच्या आईच्या, बेबीताईंच्या, घराला आतून कडी होती. किशन मागच्या भिंतीवरून उतरला आणि त्यानं दार उघडलं. त्या स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या, अंग गार. फोन ओट्यावर होता, खालून हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर. त्यावर दादाचे सगळे कॉल दिसत होते.

गावातले डॉक्टर आले. त्यांनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "पडली कालच्या संध्याकाळी. पण पहाटेपर्यंत जीव होता बाईत. रातच्याले कोनी आलं असतं तं..."

मी रडले. जन्मात न पाहिलेल्या बाईसाठी हमसून रडले. आपलं म्हणणं खरं ठरलं की बरं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. डॉक्टर निघाले तेव्हा मी त्यांना फाटकाशी गाठलं. "साहेब, हे त्यायच्या पोराले नोका सांगू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाले.

संध्याकाळी अंगणात माणसं बसली होती. सातला माझ्या आईची रिंग आली. मी चोरासारखा फोन ओढणीत लपवला.

दादा पोचला तो त्यानंतर. पडद्यावर उंच वाटायचा, होता बुटका. बराच वेळ आईच्या उशाशी बसला, मग बाहेर माझ्याजवळ आला.

"काल रिंग आली नवती," तो म्हणाला. "मी तुमाले शिकवत बसलो. रातच्याले ध्यानात आलं असतं, तं वाचली असती काय?"

याच प्रश्नावर मी आदल्या दिवशी त्याच्याशी भांडले होते. उत्तर मला पाठ होतं.

"नाही दादा," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणे, पडल्या तशाच गेल्या. तुमचंच बरोबर होतं. रिंगचा काई उपेग झाला नसता."

त्यानं मान डोलावली.

"मंग ते पान काढून टाक."

"काढते," मी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसून खरंच काढलं.