करकर हरवलेले बूट

पुंजाजीच्या नव्या बुटांचे तळ इतके मऊ होते, की वाटेत बेडकावर पाय पडला तरी बेडकाची झोप मोडली नाही. त्याचे दुखरे गुडघेही गप्प झाले होते. पण कनेरगाव नाक्याजवळ तो सडक ओलांडून पलीकडे गेला आणि त्याची साठ मेंढरं मधल्या डांबरावरच थबकली. जन्मल्यापासून ती त्याच्या वहाणांच्या करकरीमागं चालत आलेली, आणि आज करकरच नव्हती. वळणावरून ट्रक सुसाट येत होता.

"या गं, हुर्रर्र!" पुंजाजी ओरडला. एकही मान हलली नाही.

कळपामागून त्याची बायको सत्यभामाबाई कडाडली, "ह्याच फेकून देऊन राहिले होते ना तुमी?" तिनं पिशवीतल्या त्याच्या जुन्या वहाणा पायात सरकवल्या आणि कर्रर कर्रर करत ती कळपातून पुढं निघाली. मेंढरं तिच्यामागं धावली. उरलेलं एक कोकरू पुंजाजीनं झेप घेऊन उचललं. त्या घाईत एक बूट तिथंच राहिला. ट्रक त्याच्यावरून गेला.

चपटा झालेला बूट तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगून वर आला.

"टिकाऊ हाय," कोकरू खाली सोडत पुंजाजी म्हणाला.

"मग घाला की! पण मेंढरांच्या मागून चाला. म्होरं मी."