वर काच, बाजू उघड्या

पुरुषोत्तम ठोसरांच्या हातचं झाड मरत नाही, असं अमरावतीच्या सरकारी रोपवाटिकेत म्हटलं जायचं, आणि म्हणणाऱ्यांत सगळ्यांत पुढे खुद्द पुरुषोत्तमरावच असायचे. छत्तीस वर्षं त्यांनी साग, चिंच, बेहडा वाढवला. मग निवृत्त झाले, बायको गेली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ते तीन महिन्यांसाठी मुलाकडे, आयर्लंडात शॅननला आले. मुलगा जयेश तिथे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. मार्चमध्ये विमानं थांबली आणि तीन महिन्यांचे किती महिने होणार, हे सांगायला कुणी उरलं नाही. विमानतळ हाकेच्या अंतरावर, पण आकाश रिकामं.

जयेश दिवसभर कारखान्यात, सून माधवी वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर. बोलायला माणूस नाही म्हणून पुरुषोत्तमराव मागच्या अंगणात जाऊन कंबरेएवढ्या भिंतीपलीकडे बघत बसू लागले. पलीकडे नोराबाई राहायच्या, वय एक्क्याऐंशी. त्यांच्या अंगणात राखी दगडांचा एक उंचवटा होता आणि दगडांच्या फटींत मुठीएवढी झुडपं. बुडाशी शेणखत नाही, धड माती नाही, नुसती बारीक खडी. म्हातारीला कुणी शिकवलंच नाही, असं पुरुषोत्तमरावांनी मनाशी ठरवून टाकलं. जूनमध्ये त्या खडीतून शेकडो निळ्या घंटा वर आल्या, तेव्हा त्यांनी तोंडात बोट घातलं.

उन्हाळाभर भिंतीच्या अल्याडपल्याड शाळा भरली. यांचं इंग्रजी सरकारी अर्जापुरतं, त्यांना मराठीचा गंध नाही. पण खडी किती आणि माती किती हे बोटांनी दाखवता येतं. ही फुलं उंच डोंगरांवरची, बर्फाखाली झोपणारी, त्यांना लाड सोसत नाहीत, असं नोराबाई सांगायच्या. कॅम्पॅन्युला हे नाव काही पुरुषोत्तमरावांच्या जिभेला पेललं नाही. ते घंटीफूल म्हणू लागले. नोराबाईंचा "ग्रँड", म्हणजे छान, हा शब्द मात्र त्यांना पक्का जमला. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, तब्येतही ग्रँड.

एक घंटीफूल दगडांत नव्हतं, मातीच्या पसरट कुंडीत होतं. ते नोराबाईंच्या यजमानांनी, टॉमनी, बियांपासून वाढवलेलं. पाकळ्या जवळजवळ पांढऱ्या, आत निळ्याची नुसती झाक. टॉम जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्यांच्या हातचं तेवढंच एक झाड उरलं होतं.

ऑक्टोबरात नोराबाई पडल्या. पाय धड चालेना, तेव्हा गावातल्याच, वृद्धांना सांभाळणाऱ्या एका नर्सिंग होममध्ये जायचं ठरलं. निघताना त्यांनी ती कुंडी भिंतीवर ठेववली, सोबत काचेचा एक चौकोन, चार विटा आणि स्वतःच्या अक्षरातलं कार्ड. माधवीने अर्थ सांगितला: वर काच. बाजू उघड्या. पाणी नाही. वारा लागू दे.

"यू'ल माइंड हिम फॉर मी," नोराबाई म्हणाल्या, माझ्यासाठी याला सांभाळाल ना. झाडाला त्या 'तो' म्हणायच्या.

पुरुषोत्तमराव छातीवर हात ठेवून म्हणाले, "ग्रँड."

डिसेंबर सरेपर्यंत सगळं कार्डाप्रमाणे चाललं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मात्र बादलीतलं पाणी गोठलं, कुंडीतली पानं पांढरी पडली, आणि पुरुषोत्तमरावांना राहवेना. चिखलदऱ्याच्या थंडीत गोणपाट गुंडाळून हजारो रोपं जगवलेला माणूस तो. बाई जाणकार आहे, पण या वयात लिहिताना काहीतरी राहून गेलं असेल, असं त्यांना वाटलं. माधवीच्या पार्सलातलं फुगेवालं प्लास्टिक घेऊन त्यांनी काचेखालच्या चारही बाजू बंद केल्या, चिकटपट्टी लावली, त्याआधी कपभर कोमट पाणीही घातलं.

"आता पहा, कसं दुलईत झोपल्यावानी वाटते," ते माधवीला म्हणाले.

"पण बाबा, कार्डवर तर साइड्स ओपन लिहिलंय."

"मले झाडाचं नको सांगू, बाई."

प्लास्टिकच्या आतून थेंब जमले. ती ऊबच आहे, असं ते समजले. अती शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैलाच्या जागी फूल होतं. दहा दिवसांनी त्यांनी पट्टी सोडली तेव्हा आतून कुबट वास आला. पानांवर करडी बुरशी चढली होती, आणि बोट लावताच मधला गड्डा मऊ होऊन हातात आला. थंडीने त्याचं काही बिघडलं नव्हतं. ते कोंडून मेलं होतं, आणि कोंडणारे हात कधी झाड न मारणारे होते. पुरुषोत्तमराव त्या दिवशी जेवले नाहीत.

दर रविवारी जयेश त्यांना नर्सिंग होमच्या खिडकीपाशी न्यायचा. आत जायला बंदी होती. नोराबाई काचेपलीकडे खुर्चीत, कानाला फोन. हे अलीकडे पावसात, कानाला फोन. त्या रविवारी नोराबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, तो कसा आहे?

सांगायचं म्हणून पुरुषोत्तमराव वाटभर इंग्रजी शब्द जुळवत आले होते. पण काचेपलीकडचा तो चेहरा फार सुकलेला होता.

"ग्रँड," ते म्हणाले.

नोराबाई हसल्या आणि त्यांनी तळहात काचेला टेकवला. पुढच्या रविवारीही तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्या रविवारची वेळच आली नाही. आजार नर्सिंग होममध्ये शिरला होता, आणि गुरुवारी नोराबाई गेल्या.

प्रार्थनेला दहाच माणसांना परवानगी होती. म्हणून शववाहिका गल्लीतून सावकाश नेली, आणि शेजारीपाजारी आपापल्या फाटकात उभे राहिले. पुरुषोत्तमराव हात जोडून उभे होते. नोराबाईंची एकुलती एक मुलगी ऊना टोरंटोला. तिने सगळं फोनवर पाहिलं.

मे महिन्यापर्यंत ते रोज त्या कुंडीत हिरवा ठिपका शोधायचे. काही आलं नाही. भिंतीपलीकडच्या दगडांत मात्र, ज्यांच्याकडे हिवाळाभर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, ती सगळी घंटीफुलं पावसात भिजून, गारठून तरारली होती. मग दुकानं उघडली आणि माधवीने एक घंटीफूल विकत आणलं.

"याच कुंडीत लावा, बाबा. ऊना जुलैत येतेय, कुंडी मागणारच."

"दुधाची तहान ताकावर."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळी निळीच तर असतात, कुणाला कळणार आहे?"

त्यांनी वाद घातला नाही. झाड लावलं, आणि या वेळी सगळं बरोबर केलं. ते दुकानातलं झाड असं काही माजलं की त्याच्याकडे बघवेना.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ऊना आली. पन्नाशीची, आईसारखीच उंच. ती भिंतीपलीकडे, पुरुषोत्तमराव आणि माधवी अलीकडे, मध्ये फुललेली कुंडी. तिने बराच वेळ फुलांकडे पाहिलं आणि डोळे पुसले. कुंडी आईच्या थडग्याशी ठेवायची होती. माधवी तिचं बोलणं सासऱ्यांना मराठीत सांगत होती.

"ती म्हणतेय, शेवटच्या फोनवर आईला धाप लागली होती, तरी याचंच सांगत होती. शेजारचे गृहस्थ सांभाळताहेत, टॉमचं झाड ग्रँड आहे म्हणून. तेवढ्या एका गोष्टीने तिच्या जिवाला स्वस्थता होती."

पुरुषोत्तमरावांनी मान खाली घातली. ऊनाने एक घंटा बोटावर घेतली आणि कपाळाला आठी घातली.

"आता म्हणतेय, हिला ही फुलं फिकी आठवतात, जवळजवळ पांढरी. पण वडिलांना जाऊन इतकी वर्षं झाली, आपलंच चुकत असेल."

बाकी सगळं ते झाकून ठेवू शकले असते. पण आपल्या खोट्यापायी ही पोर बापाच्या फुलाचा रंग विसरणार, हे त्यांना सोसवेना.

"माधवी, तिले सांग. तुझं काही चुकत नाही म्हणावं. हे ते फूल नाही."

माधवी ऊनाकडे बघून हसत राहिली. "बाबा, प्लीज नको," ती मराठीत म्हणाली, आणि इंग्रजीत काहीतरी पाण्याबद्दल, काचेबद्दल बोलली. ऊनाने मान डोलावली आणि कुंडी उचलली.

"नो," पुरुषोत्तमराव म्हणाले. "नॉट युवर फादर फ्लावर. दॅट वन व्हाइट. आय किल."

कुंडी पुन्हा भिंतीवर टेकली. ऊनाने एकच विचारलं, आई जायच्या आधी की नंतर? माधवीला मराठीत सांगावं लागलं नाही.

"बिफोर," ते म्हणाले. "शी आस्क. आय से ग्रँड."

ऊनाने अगदी हळू आवाजात माधवीला विचारलं, कसं सांभाळायचं ते आईने यांना सांगितलं नव्हतं का?

पुरुषोत्तमराव आत गेले आणि कार्ड घेऊन आले. ऊनाने आईचं अक्षर ओळखलं. चार ओळी तिने दोनदा वाचल्या, कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि ती आईच्या बंद घरात गेली. कुंडी तिने नेली नाही.